निळं टोक

मित्रांनो, मी एक जुनी लाल-निळी पेन्सिल आहे. आता इतकी आखूड झाले आहे की मला चिमटीत धरावं लागतं. कारखान्यातून निघाले तेव्हा वीतभर लांब होते आणि माझी दोन्ही टोकं सारखी होती. कॉलेजात कविता शिकवणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं, तेव्हा माझं नशीब उजळलं असं मला वाटलं.

बाई महाकाव्यांतली भांडणं शिकवत. कोण बरोबर, हे त्या विचारतच नसत. कोण कसं बोलतं, ते बघा म्हणत. नुसतं म्हणणं मांडलं की खाली लाल रेघ, विचारलेल्याचं उत्तर दिलं की निळी. एका काव्यात वेढा पडलेल्या किल्ल्यात दोन भाऊ भांडतात. धाकटा विचारतो, "आपली म्हातारी दाई बाहेर राहिली आहे. दार उघडायचं का?" थोरला कर्तव्य, सैन्य आणि पूर्वज यांवर साठ ओळी बोलतो. वर्ग दरवर्षी थोरल्यावर फिदा! बाई साठच्या साठ ओळी लाल करत आणि म्हणत, "भाषण झकास आहे. उत्तर कुठंय?" मग म्हणत, "आणि दाराच्या पलीकडून हे कोण ऐकतंय, ते विसरू नका."

मुलं बाईंचं कौतुक करत आणि त्यातला थोडा वाटा मी माझ्याकडे ठेवून घेई. लाल टोक भराभर झिजलं. निळं मात्र तसंच राहिलं. माणसं उत्तरं देतातच कुठे!

एका दुपारी बाईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. मी उत्तरपत्रिकांवर पडून होते. तो म्हणाला, "ताई, आईला तुझ्याकडे ठेवशील का? फार आठवण काढते तुझी."

बाई बोलू लागल्या. चौथा मजला, बंद पडलेली लिफ्ट, कॉलेजच्या वेळा, लांबचा दवाखाना, शिवाय आईला तिथली सवय. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती आणि आवाजात मायाही होती. भाऊ सगळं ऐकून "बरं" म्हणाला. दोन महिन्यांनी आई गेली.

नंतर भाऊ आईचा चष्मा द्यायला आला. चहा तसाच ठेवून म्हणाला, "ताई, त्या दिवशी माझा फोन स्पीकरवर होता. आई शेजारीच बसली होती."

बाईंचा चेहरा पडला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, किती छान बोलते माझी पोरगी. मग भरून ठेवलेली पिशवी सोडली आणि कपडे परत कपाटात ठेवले."

तो गेल्यावर बाईंनी फोनवरचं सगळं बोलणं आठवून एका कागदावर लिहिलं. मग मला उचललं. स्वतःच्या ओळींखाली त्या लाल रेघा मारत गेल्या, शिसं संपून लाकूड कागदावर खरखरू लागलं तरी थांबल्या नाहीत. भावाचा प्रश्न तेवढा रेघेवाचून राहिला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं स्वतःच्या फोनवर त्यांना सुचलं नव्हतं, आणि मीही हाताशी असून उपयोगाची ठरले नव्हते. याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून या खोलीत तो प्रश्न मला रोज ऐकू येतो. बाईंनाही येत असावा. त्या वाचता वाचता मध्येच उठतात, दार उघडून जिन्याकडे बघतात आणि परत येऊन बसतात. मग माझं निळं टोक काढतात आणि त्या प्रश्नाखाली लिहितात, "हो, घेऊन ये तिला." कागदाच्या दोन्ही बाजू आता भरल्या आहेत.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पेन्सिल झिजायचीच. पण आपल्या माणसानं साधा प्रश्न विचारला तर आधी हो किंवा नाही म्हणा, कारणं मागाहून सांगा. बाई आताच दार लावून आल्या आहेत आणि शार्पनर शोधत आहेत. अजून एकदा लिहिता येईल, एवढीच मी उरले आहे.