सोमवारची बाजरी

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. पाथर्डीकडच्या एका गावात, पत्र्याच्या खोलीत माझा मुक्काम आहे. मला चालवणाऱ्या भागवतच्या वडिलांनी मला नगरहून टेम्पोतून आणले, तेव्हा हळदकुंकू लावून माझ्यापुढे नारळ फोडला होता. बायकांच्या हातचे जाते सुटले म्हणून माझे किती कौतुक झाले! आता घरोघरी छोट्या चक्क्या आल्या आहेत, आणि माझा पट्टा तुटला तरी कुणाला घाई नसते. गप्पा मात्र अजून माझ्याच दारात रंगतात. माझ्या घरघरीमुळे सगळ्यांना मोठ्याने बोलावे लागते, म्हणून मला गावातले सगळे कळते.

माझी एक खोड आहे. एकाचे दळण संपले तरी त्याचे मूठभर पीठ माझ्या पोटात राहते आणि पुढच्याच्या डब्यात उतरते. त्याचे कुणाला काही वाटत नसे. वाटायचे ते एकट्या गोजरबाईंना. त्या बाजरीचा डबा घेऊन यायच्या, पदर खोचून स्वतःच्या कुंच्याने माझे तोंड झाडायच्या, आणि सुरुवातीचे पीठ वेगळे काढून शेळीला घालायच्या.

रांगेतल्या बायका नाके मुरडायच्या. "लई सोवळी लागून गेली!" लंकाबाई सगळ्यांदेखत म्हणायच्या. "आमच्या पिठानं हिची बाजरी बाटती." उचलली जीभ, लावली टाळ्याला! गोजरबाई कधी उलटून बोलल्या नाहीत. मला त्या बाईचे नवल वाटायचे. इतके टोमणे मलाही दळता आले नसते.

एके दिवशी त्यांची लहानगी नात सृष्टी त्यांच्यासोबत आली. लंकाबाई जिभेने तिखट, पण पोराबाळांवर त्यांचा भारी जीव. त्यांनी फडक्यातली गूळ-चपाती काढून पोरीच्या हातात दिली. ती तोंडाशी नेते न नेते तोच गोजरबाईंनी झडप घालून चपाती हिसकावून घेतली.

"आता माझ्या हातचंबी इटाळलं व्हय गं?" लंकाबाई कडाडल्या.

गोजरबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. माझ्या घरघरीत ते बोलणे दोघींतच राहिले असते. पण नेमकी वीज गेली, मी गप्प झाले आणि त्यांचा शब्दन्‌शब्द साऱ्या रांगेने ऐकला.

"तुझ्या हाताला नावं न्हाई ठेवीत, लंका. गव्हाचा कन जरी पोटात गेला तरी पोरीला सोसत न्हाई. मागं लई हाल झालं तिचं. डॉक्टरनं जन्मभर गहू बंद केलाय."

"मग आजवर बोलली का न्हाईस?"

"पोरीची जात हाय. आजारी म्हनून नाव पडलं, की लग्नापत्तुर चिकटून ऱ्हातंय. त्यापरीस मला सोवळी म्हना."

काय ही बाई! नातीला बोल लागू नये म्हणून तिने साऱ्या गावाचा बोल स्वतःवर घेतला होता. लंकाबाईंनी चपाती परत घेऊन फडक्यात बांधली. मग त्या रांगेकडे वळल्या. "ऐकलं ते हितंच ऱ्हाऊ द्या. कुनी बाहेर बोललं, तर गाठ माझ्याशी हाय."

तेव्हापासून सोमवारी माझ्याकडे गहू येत नाही. भागवत माझे दगड उचलून मला आतून झाडून-पुसून काढतो, आणि कुणी विचारलेच तर "सोमवारी बाजरी" एवढेच सांगतो. पहिला डबा लंकाबाईंचा असतो.

"माझी आदी टाक, भागवत," त्या म्हणतात. "उरलासुरला गहू आसंल, तो माझ्या डब्यात उतरू दे." मग त्या बाजूला होतात आणि गोजरबाईंची पाळी येते. शेळीचा खाऊ तेवढा बुडाला.

मित्रांनो, कुणी आपल्यापेक्षा वेगळे वागताना दिसले, तर लगेच नावे ठेवू नका. त्याच्या घरात काय चालले आहे, ते आपल्याला रांगेतून दिसत नसते. आणि माझ्यासाठी एकच मागणे आहे. माझा पट्टा वेळच्या वेळी बदलत जा. सोमवारी एक पोर माझ्या पिठाच्या भाकरीची वाट बघत असते.