खरचटलंही नाही

“‘जागचं हलायचंही याच्या जिवावर येतं,’” ताईनं वाक्य वाचून दाखवलं आणि संपादक खूश झाले.

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या त्या कचेरीची एक खोड होती. उदाहरणाचं वाक्य मनानं रचायचं नाही, कुणाच्या तरी तोंडून खरोखर ऐकलेलंच घ्यायचं. आज ताईच्या वाट्याला ‘इंडोलन्स’ हा इंग्रजी शब्द आला होता. अर्थ सोपा होता: आळस, सुस्ती, अंग चोरणं. वाक्यासाठीही तिला लांब जावं लागलं नाही. सकाळीच तिनं ते धाकट्या भावाला सुनावलं होतं.

सुनावणार नाही तर काय करणार? लिफ्ट दुरुस्त करणारा चांगला धडधाकट गडी, पण कामावरच्या अपघातापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्या अपघातात त्याच्याबरोबर काम करणारा जोडीदार वरून पडून मेला. याला साधं खरचटलंही नाही. नशीबवान म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटली. चार दिवस पडला असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं, पण महिने उलटले. ताईनं नोकरी करून घर ओढायचं आणि या महाराजांनी लोळायचं? शेवटी तिनं कंबर कसली. संध्याकाळी मामा गाडी घेऊन येणार होता आणि भाच्याला परगावी, आपल्या गोदामावर कामाला नेणार होता. जायचं नसेल तर या घरात जागा नाही, असं तिनं निक्षून सांगितलं होतं.

आता शब्दाचं मूळ तेवढं लिहायचं राहिलं होतं. ताईनं जाडजूड ग्रंथ ओढला. शब्द लॅटिनमधून आलेला. मुळात त्याचा अर्थ दुखत नसणं, एवढाच. ज्याला कशाची कळच लागत नाही तो धडपडेल कशाला? हळूहळू त्यालाच लोक आळशी म्हणू लागले असावेत.

‘वेदना नसणे’ असं लिहिताना तिचा हात अडला. धाकट्याला काही दुखतंय का, हे ठरवलं कुणी? डॉक्टरांनी हातपाय दाबून पाहिले, घरच्यांनी देवाचे आभार मानले, झालं. त्याला विचारलं कुणीच नाही. ती तर सख्खी बहीण, पण तिनंही नाही. ताईला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिनं वाक्य खोडलं. इतकं फक्कड वाक्य का घालवताय, असं संपादकांनी विचारलं.

“ऐकलेलं आहे, पण खरं नाही,” ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

घरी मामा आधीच येऊन बसला होता. भाच्याची पिशवीही त्यानं भरून ठेवली होती. ताई तडक आत गेली आणि खाटेच्या कडेवर बसली.

“कुठं दुखतंय रे तुला?”

तो भिंतीकडे बघतच म्हणाला, “वर मी जाणार होतो, ताई. कंटाळा केला, त्याला म्हटलं तू जा. त्याच्या आईला अजून तोंड दाखवलं नाही मी.”

ताई म्हणाली, “चल. आत्ताच जाऊ त्यांच्याकडे. मी आहे बरोबर.”

तो हलला नाही. तीही हलली नाही. आज त्याला घेतल्याशिवाय ती उठणारच नव्हती. मामानं दोनदा डोकावून घाई केली, दोन्ही वेळा तिनं हातानंच थोपवलं. अखेर धाकटा उठून बसला, तोंड धुऊन आला. सदरा घालताना गुंड्या वरखाली लागल्या. ताईनं त्या तशाच राहू दिल्या.

“गोदाम राहू दे, मामा,” ती म्हणाली. “गाडी दुसरीकडे न्यायची आहे.”

घराबाहेर आल्यावर धाकट्यानं इमारतीच्या लिफ्टचं दार टाळलं आणि जिन्याचा कठडा धरला. एकेक पायरी चाचपत तो खाली उतरू लागला, आणि ताई त्याला हात न लावता मागून उतरत राहिली.