लंगड्याची चाल

थिनरचा वास. आधी वास आला, मग तो दिसला – ओट्यावर, घडी घातलेल्या रुमालावर, पाठीला लखलखीत हिरवा, पोटाला चंदेरी, आणि डोळा... डोळा तर असा काढला होता की नुकतंच काहीतरी खोटं बोलून गप्प बसल्यासारखा तो तिच्याकडे बघत होता. गळाला आमिष म्हणून लावायचा बोटभर लांबीचा लाकडी मासा. तिला ओळखायला एक क्षण लागला, आणि तो एक क्षण तिला पुढे दिवसभर कोणालाच माफ करता आला नाही.

"कसा झालाय?" नवरा दारात हात पुसत उभा होता. "काल दुपारच्या सुट्टीत गॅरेजमध्येच केला. गंजके गळ पण काढून टाकले, नवे घातलेत."

गॅरेजमध्ये त्याला सगळे उस्ताद म्हणतात. डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्याचा हात धरणारा दुसरा नाही. ठोकलेली गाडी त्याच्याकडे सोडावी आणि नेताना मालकानेच नंबर वाचून खात्री करावी की ही आपलीच ना. पोचा दिसला की याच्या हाताला खाज सुटते. पातेल्याचा, दाराचा, शेजाऱ्याच्या सायकलचा... कोणी सांगितलं होतं? मला एका शब्दाने विचारायचं तरी!

"छान," ती म्हणाली. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तोंडातून निघालं ते हे – छान.

तिचे बाबा शाळेत सुतारकाम शिकवायचे. मोडक्या बाकाच्या पायातून त्यांनी तो मासा कोरला होता, आणि कोरता कोरता पटाशी सटकून त्याच्या पोटाला एका बाजूने चांगली खोल खोक पडली होती. बाबा तो चुलीत टाकणार होते. तिनेच हट्टाने दोरीला बांधून तलावात फेकला, तर तो लंगडत निघाला – दोन झोके डावीकडे, एक उजवीकडे, मध्येच दम लागल्यासारखा थांबायचा, पुन्हा निघायचा – आणि बुडालेल्या झाडाखालून बॅस मासा आला तो सरळ त्याच्यावरच. "याचं नाव लंगड्या," बाबा म्हणाले होते. "धडधाकटाच्या मागे कोण धावतंय?" तेव्हापासून तिने दुसरं काही पाण्यात टाकलं नव्हतं. नवरा दर सुट्टीला नवीन काहीतरी आणायचा, रबरी बेडूक, खुळखुळ वाजणारे, अंधारात चमकणारे, त्याची पेटी म्हणजे खेळण्यांचं दुकान. ती त्याला हसायची, जुनं ते सोनं म्हणायची, आणि तो म्हणायचा, सोनंसुद्धा उजळून घ्यावं लागतं गं. थट्टा वाटायची. थट्टा नव्हतीच ती... तो वाट बघत होता.

तलावावर होडीवाल्याने दोरखंड सोडता सोडता तिच्या काठीला लोंबणाऱ्या माशाकडे पाहिलं. हा माणूस बाबांच्या शेजारी बसून बिड्या ओढलेला, लंगड्याला नावाने हाक मारणारा.

"अरे वा, नवा घेतलास का पोरी? बरं केलंस."

उस्ताद खूश होऊन हसला. ती वल्ह्याच्या मुठीकडे बघत राहिली.

झाडाचा शेंडा पाण्याबाहेर आला होता. तिने त्याच्या पलीकडे फेक केली, दोरी ताणली, मनगट नेहमीसारखं हलवलं – आणि लंगड्या सरळ आला. शाळेत प्रार्थनेला निघालेल्या मुलासारखा, नाकासमोर. तिने पुन्हा फेकला. सरळ. हळू ओढला, झटके दिले, मध्येच सोडून दिला... काही नाही, पुन्हा सरळ. होडीत घेऊन तिने त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. खोक होती तिथे पुट्टी भरून, घासून, वर चंदेरी हात मारलेला. कुठून सुरू झाली आणि कुठे संपली हे नखालासुद्धा कळू नये अशी सफाई.

आणि तेवढ्यात उस्तादची काठी वाकली. केशरी रबरी किडा, कालच आणलेला, पाकिटाचा कागदसुद्धा अजून पायाशी पडलेला. बॅस हवेत उसळला, तोंड झाडत खाली आला, त्याने तो होडीत घेतला आणि पोरासारखा ओरडला, "बघ! म्हणतो ना, एकदा लावून तर बघ! आहे अजून एक."

त्याने किडा पुढे केला. त्याच्या तोंडावर काडीचंही कपट नव्हतं, आणि तिच्या रागाला नेमकं तेच झोंबत होतं – दात रोवायला या माणसात कुठे जागाच नाही. आजारी बाबा शेवटी हिच्याच घरी होते; ते गेले आणि ती दोन दिवस गावी आईकडे राहून परत आली, तर बाबांची खोली रिकामी. खाट गेलेली. भिंतीला डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग गेलेला. सगळीकडे फिकट पिवळा रंग, खिडकीला नवा पडदा, आणि दारात हा, असाच, हात पुसत. तुला त्रास नको म्हणून, म्हणाला. नशीब काढलंस हो, असा नवरा मिळायला, असं नणंद म्हणाली, आईसुद्धा म्हणाली. तिने मान डोलावली होती. थँक्यू म्हटलं होतं. वर चहा केला होता त्याला!

दोरी कापायची सुरी तिने पेटीतून काढली आणि लंगड्याच्या पोटात खुपसली.

"अगं! काय करतेस?"

"लंगडा करतेय."

"वेडी झालीस का? तीन हात लॅकर आहे त्याच्यावर..."

"खोली पण तूच रंगवलीस."

"कुठली खोली?" म्हणाला, आणि मग त्याला कळलं, हातातला किडा त्याने हळूच खाली ठेवला. पायाशी बॅस फडफडत होता आणि दोघांपैकी कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

ती खरवडत राहिली. चंदेरी पापुद्रे मांडीवर पडले, मग पांढरी भुकटी, मग फिकट तपकिरी... हे बाबांचं लाकूड की अजून पुट्टीच? तिचा हात थांबला. आणखी थोडं खोल गेलं तर ती खोक बाबांची राहणार नाही, तिची होईल. तिला खोली आठवेना. इतकी वर्षं अंगठ्याखाली असलेली जागा, आणि आठवेना.

"दे इकडे," तो अगदी हळू म्हणाला. "तू लाकूड कापशील. किती खोल होतं ते मला माहितीय. मीच भरलंय ना."

खरं होतं. बाबांची ती चूक केवढी होती, कुठे वळली होती, तळाशी किती खरखरीत होती, हे आता जगात एकाच अंगठ्याला ठाऊक होतं, आणि तो याचा होता. राग तोंडाबाहेर पडला की ओसरतो म्हणतात. कुठे ओसरतो? आत्तापर्यंत तो नुसता जळत होता. आता त्याला बसायला जागा मिळाली होती, आणि तो तिथून उठणार नव्हता.

त्याने तळहात पुढे केला होता. नखांच्या कडांना चंदेरी रंग अजून तसाच होता. तिने सुरी ठेवली नाही, मासाही दिला नाही. ती त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली.