देवकामागची भिंत

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे, हे पाहण्यासाठी गवंडी दोरीला बांधून जो पितळी गोळा खाली सोडतात, तोच मी. नाशिकच्या एका तांबटाने मला ओतले, घासून तेजस्वी केले आणि बहिरू गवंड्याच्या स्वाधीन केले. माझा धर्म एकच आहे, स्थिर होऊन सत्य सांगणे. जोवर मी डोलत असतो, तोवर माझ्या साक्षीला काही मोल नसते.

बहिरूच्या हाताखाली मी पुष्कळ भिंती पाहिल्या. पिंपळगावची द्राक्षांची शीतगृहे पाहिली, कळवणकडच्या शाळांच्या खोल्या पाहिल्या. "बहिरूची भिंत म्हंजी रेघ," असे मुकादम म्हणत, तेव्हा ते कौतुक मी मनोमन वाटून घेई. पुढे तांबडी प्रकाशरेषा टाकणारे यंत्र आले. माझ्या अंगावर सिमेंटची पुटे चढली आणि मी पिशवीच्या तळाशी गेलो.

कळवणजवळच्या खेड्यात बहिरूची थोरली बहीण कुसाबाई राहते. तिच्या लेकीचे, हर्षालीचे, लग्न ठरले, म्हणून बहिरूने ओटा नीट करून दिला आणि त्या कामासाठी पिशवीतून काढलेल्या मला माजघरातील खुंटीवर तसेच विसरला. माझ्या समोरच्या जुन्या मातीच्या भिंतीपाशी देवक बसले होते. पाटावर कलश, त्यात पाच झाडांच्या डहाळ्या. एकदा बसलेले देवक लग्न लागेपर्यंत हलवायचे नसते, अशी त्या घराची श्रद्धा होती.

हळदीच्या दुपारी जमिनीतून घरघर उमटली. मला कुणाचा हात लागला नव्हता, वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी मी डोलू लागलो. मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी असा भ्यालो नव्हतो. ज्या भूमीच्या आधाराने मी सरळ कशाला म्हणावे ते जाणतो, तीच थरथरत होती. फडताळातील भांडी कोसळली. हळदीने माखलेल्या बायका अंगणातील मांडवाकडे धावल्या. कुणीतरी गॅसची टाकी बंद केली, कुणी विजेचे बटण खाली ओढले. माणसे सगळी सुखरूप होती.

मात्र देवकामागच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत उभी भेग पडली होती. थोड्या वेळाने कुसाबाई एकटीच आत आली. तिने भेग पाहिली, मागे वळून पाहिले आणि घमेल्यातील माती कालवून ती भरभर लिंपून टाकली. "उद्या सोयऱ्यांच्या नजरंला पडाया नको," ती पुटपुटली. मी सारे पाहत होतो. मला वाणी नव्हती. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तरी मी हलत होतो आणि दर वेळी वाटे, पुन्हा सुरू झाले.

कळवणहून मांडवाचे उरलेले सामान घेऊन बहिरू परतला. त्याने घराभोवती फेरी मारली, ओटा पाहिला, मग माजघरात आला. लिंपलेली भिंत नीटनेटकी दिसत होती.

"काय नाय झालं रं इथं," कुसाबाई म्हणाली. "बायकांना आत बोलवू का? देवकापुढं बसायचंय त्यांना."

हर्षाली उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मामा, ओळंबा लाव की एकदा. माझ्या लग्नात तेवढं काम कर, आहेर नाय दिला तरी चालंल."

"आहेर वाचला म्हणायचा," बहिरू हसला आणि त्याने मला खुंटीवरून काढले.

त्याने दोरीच्या वरच्या टोकाचा, माझ्याच जाडीचा लाकडी ठोकळा भिंतीच्या माथ्याशी टेकवला; भिंत सरळ असेल तर खाली मी तिला जेमतेम शिवतो. बाहेरच्या पावलांनीही मी कापत होतो. बहिरू वाट पाहत राहिला. अखेरीस मी थांबलो. वर ठोकळा भिंतीला चिकटलेला आणि खाली मी भिंतीपासून चार बोटे दूर. भिंत खोलीत, देवकावर झुकली होती.

बहिरूने ओल्या लिंपणावरून बोट फिरवले. त्यात पुन्हा उभी चीर उमटली होती.

"आक्का, ही माती कवा लावली?"

"आत्ताच. सुकताना तडकतीच की माती."

"सुकून तडकली तर बारीक चिरांची जाळी पडती. ही तर ओली हाय अजून. भिंत चालतीया."

कुसाबाई खाली बसली. "बसलेलं देवक कसं हलवू रं? पोरीच्या संसाराला काय लागलं तर?"

"देवक मी नाय हलवत, आक्का. भिंत हलवतीया."

मग कुसाबाईने पदर खोचला, हात जोडले आणि कलश स्वतः उचलून मांडवात नेला. लग्न लागेपर्यंत त्या घरात मग कुणी पाऊल टाकले नाही. लग्न अंगणात लागले.

वऱ्हाड गेल्यावर बहिरूने छपराला टेकू दिले आणि भिंत पाडायला बाहेरच्या बाजूने गेला; पहार टेकण्यापूर्वी त्याने तिच्यावर तळहात ठेवला. तेवढ्यानेच ती आत कोसळली. धूळ बसेपर्यंत कुसाबाई बाहेरूनच देवकाच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती.

मित्रांनो, भूमी हलली तर आधी उघड्यावर या. परतण्यापूर्वी भिंती जाणत्याला दाखवा. भेग दिसली तर लाजेने झाकू नका. ती घराची बोलण्याची रीत आहे.

आता तिथे नवी भिंत उठते आहे. मजूर घाई करतात, बोलतात, पाय आपटतात आणि मी डोलत राहतो. तेव्हा कुसाबाईच माझी दोरी धरून त्यांना दटावते, "गप उभे ऱ्हावा जरा. त्याला थांबू द्या."

मग मी थांबतो.