चेटकिणीची दृष्ट

अक्षदा चेटकीण होणार, हे सुनेने मला इथे आखातात, सलव्यातल्या तिच्या शाळेत पोचल्यावर सांगितलं. आधी कळलं असतं तर मी पोरीला घराबाहेर पडू दिलं नसतं. शाळेचं नाटक म्हणजे जुनी परदेशी परीकथा, सगळं बोलणं गाण्यात. रानात चुकलेली दोन भावंडं आणि चेटकिणीचं मिठाईचं घर. माझी नात गायला लागली तशी बारकी पोरं आयांना बिलगली, पण डोळे काही मिटेनात. शेवटी भावंडांनी तिला भट्टीत ढकललं आणि सगळा हॉल टाळ्या पिटायला लागला.

मी तडक पडद्यामागे गेले आणि पिशवीत कायम असणारी पुडी सोडून पोरीवरून मीठ-मोहऱ्या उतरवायला लागले.

शाळेच्या बाई हिंदीत म्हणाल्या, "आजी, इथे हे नको. मुलं घाबरतील."

"दोनशे माणसांसमोर माझ्या नातीला भट्टीत घातलीत, आणि पोरं चिमूटभर मिठाला घाबरतात होय? उद्याच्या खेळाला ती येणार नाही."

अक्षदा रडवेली झाली. "आजी, प्लीज. ती दोघं नुसती हरवतात. शंभर वर्षं लोक चेटकिणीलाच बघायला येतायत."

ते खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला.

"कर मग," मी म्हटलं. "पण उद्या मी पहिल्या रांगेत बसणार. तू भट्टीत गेल्यावर टाळ्या कोण वाजवतं, ते मला बघायचंय."