ब्रेकवरचा पाय

सीमा ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवते, असं घरात कोणी मोठ्यानं म्हणत नव्हतं, पण सगळे तसं धरून चालले होते. सहा महिन्यांत ब्रेकनं तीनदा दगा दिला आणि तिन्ही वेळा स्टिअरिंगवर तीच होती. हळूहळू तिलाही ते खरं वाटायला लागलं.

सीमा अमरावतीत राजापेठेजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. दहा वर्षांची मुलगी हर्षा त्याच शाळेत होती. भातकुली या आपल्या गावाहून दोघींना वेळेवर पोचता यावं म्हणून त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. नवरा गोपाल तूर-हरभऱ्याच्या मागे असायचा, त्याला गाडी क्वचितच लागे. सीमानं रीतसर क्लास लावून लायसन्स काढलं आणि वर्षभर काही तक्रार न होता रोज जाणं-येणं केलं.

पहिल्यांदा झालं ते जुलैत. शहरात शिरता शिरता गाडी ओढेनाशी झाली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं घुमायचं आणि पुढच्या चाकांकडून जळकट वास यायचा. तिनं गाडी बाजूला घेतली. हॅण्डब्रेक ओढलेला राहिलाय का, असं एका पानठेलेवाल्यानं विचारलं. तो ओढलेला नव्हता. चाकाजवळ हात नेला तर तव्यासारखी धग लागली. अर्ध्या तासानं चाकं निवली आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी चालायला लागली.

अमरावतीचा सहदेव हा त्यांचा नेहमीचा मेकॅनिक. त्यानं चाकं खोलून आतली रबरं बदलली. रबरं फुगली आहेत, माल डुप्लिकेट आला असणार, असं त्याचं म्हणणं पडलं. दोन-अडीच महिने बरे गेले. दसऱ्याच्या आधी पुन्हा तेच झालं. मग त्यानं ब्रेकचा मुख्य सिलिंडर बदलला.

डिसेंबरात मात्र उलटंच घडलं. चौकात सीमानं ब्रेक दाबला आणि पॅडल खाली, खाली, पार खाली गेलं. पुढे संत्र्याची हातगाडी होती. तिनं घाबरून दोन-तीनदा पॅडल मारलं, तेव्हा कुठे ब्रेक लागला. हातगाडी आणि बंपर यांच्यात हातभर जागा उरली होती. मागे बसलेल्या हर्षाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. टेंगूळ आलं, बाकी काही नाही. पण त्या रात्री सीमाला जेवण गेलं नाही.

सहदेवनं गाडी पुन्हा खोलली आणि गोपालला बाजूला घेऊन सांगितलं की ताईंचा पाय सारखा ब्रेकवर राहत असेल, त्याशिवाय एवढं गरम व्हायचं कारण नाही. गोपालनं ते घरी जसंच्या तसं सांगितलं. तो रागावला असता तर तिनं भांडून घेतलं असतं. पण तो समजावून सांगत होता, पाय कसा जमिनीवर टेकवून ठेवायचा ते दाखवत होता, आणि ते तिला जास्त लागलं.

तेव्हा एकटे सासरे, खुशालराव, बोलले होते. “तिचा पाय काई जड नाई. मी बसलो तिच्याजोळ. चांगली चालोते.”

खुशालरावांनी आयुष्याची तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला होता. आता गुडघे धरले होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं. मागच्या उन्हाळ्यात शेतात जाणं सुटलं तसं त्यांनी गाडीचं काम स्वतःकडे घेतलं. दर रविवारी ती धुवायची, पुसायची, चाकातली हवा लाथ मारून बघायची.

जानेवारीपासून सीमानं गाडीची चावी खिळ्याला अडकवून ठेवली. ती आणि हर्षा पहाटे उठून साडेसहाच्या एसटीनं जायला लागल्या आणि स्टँडवरून पुढे ऑटोनं. गाडी अंगणात उभी. गोपाल मधून एखाद्या वेळी जवळच बाजारात न्यायचा, तेव्हा ती सुरळीत चालायची. म्हणजे आता शंकेला जागाच उरली नव्हती. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असतानासुद्धा सीमाची नजर मधूनच आपल्या उजव्या पायाकडे जायची.

फेब्रुवारीत खुशालरावांना डोळा दाखवायला अकोल्याला न्यायचं ठरलं. पहिलं ऑपरेशन तिथंच झालं होतं आणि मुलगी रूपाली जठारपेठेत राहायची, त्यामुळे सोय होती. सीमानं रजा टाकली. हर्षाला आजीजवळ, मैनाबाईंजवळ, ठेवलं. गोपालनं गाडी काढली. खुशालराव पुढे बसले, सीमा मागे.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि सीमाला तो वास आला. ती आधी काही बोलली नाही. दोन सीटांच्या मधून वाकून तिनं गोपालच्या पायाकडे पाहिलं. पाय ॲक्सिलरेटरवर होता. ब्रेकच्या जवळपासही नव्हता. ती तशीच वाकून बघत राहिली.

“कायचा वास येऊन राहिला?” गोपालनं विचारलं.

“तोच हाय,” ती म्हणाली. “हळू घ्या.”

तो हळू करेपर्यंत बोरगाव मंजूच्या अलीकडे पुढचा ट्रक एकदम थबकला. कापसानं भरलेली ट्रॉली रस्ता ओलांडत होती. गोपालनं ब्रेक दाबला आणि पॅडल तळाला जाऊन टेकलं. त्यानं पुन्हा दाबलं. काही नाही. तिसरा गिअर, दुसरा, हॅण्डब्रेक ओढत ओढत त्यानं गाडी रस्त्याखाली उतरवली. खालच्या मातीत ती खडखडत गेली, एका बाभळीच्या झुडपात पुढचं चाक शिरलं आणि थांबली. ट्रक निघून गेला. कापसाची ट्रॉली पलीकडच्या शेताच्या पांदणीत वळली. ट्रॉलीवाल्याला बहुतेक काही कळलंही नाही.

गोपालचे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. मग मागे न बघता तो म्हणाला, “सीमा, माहा पाय ब्रेकवर नोता.”

“मी पाहून राहिली होती,” सीमा म्हणाली.

गोपालनं मान हलवली. मग दार उघडून तो खाली उतरला.

रूपालीला फोन केला. तिच्या नवऱ्यानं ओळखीच्या धर्मेंद्र नावाच्या मेकॅनिकला सांगितलं. तासाभरात छोटी क्रेन आली आणि पुढची चाकं उचलून गाडी जठारपेठेतल्या त्याच्या गॅरेजात नेली. मागोमाग ऑटो करून हे तिघंही तिथं गेले. डोळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला, तर त्यांनी संध्याकाळची वेळ दिली.

धर्मेंद्र चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्यानं आधीची सगळी हकिगत ऐकून घेतली. किती दिवसांनी होतं, उभी असताना होतं का, काय काय बदललं. मग चाकांना हात न लावता त्यानं बॉनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलच्या छोट्या डबीचं झाकण फिरवून काढलं. झाकणाच्या आत एक पातळ रबर असतं. ते बाहेर लोंबत होतं. त्यानं ते आत बसवून पाहिलं, पण बसेना. झाकणापेक्षा रबरच मोठं झालं होतं.

“हे पाहा,” तो गोपालला म्हणाला. “हे रबर तेल पिऊन फुगलं. आतले सगळेच असे फुगले असतीन. फुगलेलं रबर ब्रेकले मागं येऊ देत नाई, मग चाक गरम होते. लयच गरम झालं का ब्रेक लागतच नाई.”

मग त्यानं चहाचे दोन काचेचे ग्लास मागवले, दोन्हींत पाणी घातलं. एका ग्लासात नव्या बाटलीतलं ब्रेक ऑइल थोडं टाकून हलवलं. ते पाण्यात मिसळून गेलं, पत्ताही लागला नाही. डबीतलं तेल त्यानं इंजेक्शनच्या सिरिंजनं ओढलं आणि दुसऱ्या ग्लासात सोडलं. हलवलं तरी पाण्यावर पिवळसर थर तरंगत राहिला. सीमा विज्ञानाची बाई होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. डबीत ब्रेक ऑइल नव्हतंच, किंवा नुसतं तेच नव्हतं.

“यात कोनं तरी दुसरं तेल टाकून राहिलं,” धर्मेंद्र म्हणाला. “एकदा नाई, घडीघडी.”

गोपालनं लगेच खिशातून फोन काढला. ब्रेकला हात लावणारा माणूस एकच होता, सहदेव. फोन लागला तसा तो बोलायलाच लागला, की तुझ्यामुळे आज आम्ही तिघं मेलो असतो, माझी पोरगी रोज त्या गाडीत बसत होती.

खुशालराव स्टुलावर बसले होते. ते ग्लासातल्या त्या पिवळ्या थराकडे बघत होते.

“फोन ठेव, गोपाल.”

गोपालनं हातानं थांबा अशी खूण केली.

“ठेव म्हनलं नं. त्याचं काई नाई त्यात. थे तेल म्या टाकलं.”

गोपालनं फोन बंद केला.

मग खुशालरावांनी सांगितलं, आणि सांगताना ते कोणाकडे बघत नव्हते. गाडी धुतली की दर रविवारी ते बॉनेट उघडून बघायचे. त्या डबीवर एक रेघ आहे. तेल रेघेच्या खाली गेलेलं दिसलं की शेडमधल्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकच्या डब्यातून थोडं टाकायचे. ट्रॅक्टरला तेच तेल तीस वर्षं टाकलं होतं. तेल ते तेल. कोणाला सांगण्यासारखं त्यात काय होतं? जनावरांच्या टाक्यात पाणी भरलं तर कोणी सांगत बसतं का? डिसेंबरात हर्षाला लागलं, तेव्हा तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी आठवणीनं टाकलं होतं. जानेवारीत गाडी उभी होती म्हणून नाही टाकलं. आणि काल, अकोल्याला जायचं म्हणून, रेघेपर्यंत भरलं.

“मले वाटे, सीमा रोज पोरीले घेऊन जाते. तेल कमी नाई पडलं पायजे.”

गोपाल रस्त्यावर जाऊन उभा राहिला. धर्मेंद्रनं ग्लास उचलले. शिकलेले लोकही असं करतात, मागच्याच महिन्यात एका इंजिनिअरची गाडी आली होती, असं काहीसं पुटपुटत तो सामानाची यादी करायला आत गेला.

सीमाला राग यायला हवा होता. हर्षाचं टेंगूळ तिला आठवलं, संत्र्याची हातगाडी आठवली, आणि थोडा राग आलाही. पण त्याच्या मागोमाग दुसरंच काही अंगातून सुटत गेलं. शेजारी टायरची चवड होती, त्यावर ती बसली. तिला चक्कर आली असं वाटून खुशालराव गुडघा धरत उठले आणि पाणी मागायला लागले.

“नाई मामाजी, बसा,” ती म्हणाली. “मले बरं वाटून राहिलं.”

ते उभेच राहिले. “तुह्या पायाचं काई नोतं,” ते म्हणाले. “मी तवाच म्हनलं होतं. पन मले मालूम नोतं का माह्यानंच होऊन राहिलं.”

सीमानं त्यांचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं. बाहेरून गोपाल आत आला, तेव्हा त्याच्या हातात चार चहा होते. त्यानं पहिला वडिलांना दिला.

संध्याकाळी डॉक्टरांनी डोळा तपासला आणि मार्चमधली तारीख दिली. काम दोन दिवसांचं होतं, म्हणून सगळे रूपालीकडे राहिले. धर्मेंद्रनं पार सगळं धुतलं. पाइप, होज, मुख्य सिलिंडर, चाकांतली रबरं, जुनं काही ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी तयार झाली. गोपालनं चक्कर मारून पाहिली, तरी धर्मेंद्रचं समाधान होईना. रोज कोण चालवतं, असं त्यानं विचारलं, आणि चावी सीमापुढे धरली.

तिनं महिना-दीड महिना स्टिअरिंग धरलं नव्हतं. जठारपेठेच्या गर्दीतून तिनं गाडी हळूहळू काढली. ब्रेक दाबला की पॅडल बोटभर जाऊन घट्ट थांबत होतं. धर्मेंद्र शेजारी बसून तिच्या पायाकडे बघत होता. परत आल्यावर उतरता उतरता तो एवढंच म्हणाला, “हलका पाय हाय ताई तुमचा.”

गोपाल तिथंच उभा होता. परतीच्या वाटेवर तूच चालव, असं तो म्हणाला. त्याला दुसरंही काही म्हणायचं होतं, हे तिला दिसलं.

“आज तुमीच चालवा,” ती म्हणाली. “मी पाहीन सोमवारी.”

मग तो म्हणाला, “चुकलं माहं. तुले उगाच शिकवत बसलो.” तिनं मान डोलावली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. बोरगाव मंजू येण्याआधीच तिला झोप लागली. गेल्या आठ महिन्यांत ती गाडीत कधी झोपली नव्हती. जाग आली तेव्हा बडनेरा गेलं होतं.

घरी जायच्या आधी अमरावतीत सहदेवकडे जायचं, असं खुशालरावांनी परस्परच ठरवलं होतं. गोपाल म्हणाला, मी बोलतो. तर ते म्हणाले, तू बस गाडीत. ते स्वतः उतरले, सहदेवपुढे उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं आणि पोराच्या बोलण्याची माफी मागितली. सहदेव आधी गंभीरपणे ऐकत होता. मग त्यानं टेबलाचा खण उघडून एक पुडी काढली. त्यात त्यांच्याच गाडीची फुगलेली रबरं होती. ती त्यानं पुरावा म्हणून जपून ठेवली होती. माल डुप्लिकेट दिला म्हणून तो पार्ट्सच्या दुकानदाराशी कडाक्यानं भांडला होता आणि ऑक्टोबरपासून त्याच्या दुकानाची पायरी चढला नव्हता.

“आता मले जा लागन त्याच्याकडं,” सहदेव म्हणाला आणि हसायलाच लागला. खुशालरावही हसले. डबीतलं तेल कधी पाण्यात टाकून पाहिलं नाही ही आपलीही चूकच, असं तो आपणहून म्हणाला.

सोमवारी सीमानं गाडी काढली. भातकुली मागे पडल्यावर एका वळणावर बकऱ्यांचा कळप रस्त्यावर आला. पंचवीस-तीस असतील, मधोमध, कशाचीच घाई नसलेल्या. सीमानं ब्रेक दाबला. गाडी हळू झाली आणि जिथं थांबायला हवी होती तिथं थांबली. बकऱ्या गेल्या, शेवटच्या दोन मागं राहिलेल्याही गेल्या. मागच्या सीटवर हर्षा इतिहासाचे धडे पाठ करत होती. तिनं पुस्तकातून मानही वर केली नाही.