बंडूमामांच्या मागची जागा

अभिरामचा फायदा सरळ होता. तीन दिवस मानसिंगरावांच्या नजरेसमोर सायकल दामटायची आणि गीतांजलीशी लग्नाला होकार घ्यायचा. शिवाय बाल्कनीतून खाडीवरचे फ्लेमिंगो दिसतील असं सासर. खर्चाच्या बाजूला थोडी रजा आणि बुडाची सालं.

मानसिंगराव बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याचे, आणि सीवूड्सच्या सायकल मंडळाचे कायमचे अध्यक्ष. निवडणूक कधी झालीच नव्हती. माणूस पारखायची त्यांची तऱ्हा एकच, चढावर मागे वळून बघायचं, कोण आलंय. लेकीनं अभिरामचं नाव काढलं तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. "कोपरखैरण्याचा ना? चालवतो का?" एवढंच.

त्या घरात अभिरामच्या बाजूनं बोलणारा एकच माणूस होता, गीतांजलीचे बंडूमामा. बँकेत नोकरी, सुटलेलं पोट, हँडलला चिवड्याची पिशवी.

"दाजी, पोरगा सोन्यासारखा आहे."

"मग ठेव तुझ्या बँकेच्या लॉकरमध्ये."

तरी मामा दर रविवारी तेच वाक्य नव्यानं म्हणत.

मंडळाची श्रीवर्धनपर्यंतची तीन दिवसांची फेरी ठरली होती. सप्टेंबर संपत आला होता आणि कोकण किनाऱ्याला वादळी पावसाचा इशारा होता. त्याबरोबर मंडळातल्या एकाची कंबर धरली, दुसऱ्याची सासू आली, तिसऱ्याला ऑफिसनं सोडलं नाही. मानसिंगराव म्हणाले, "पावसाला घाबरणाऱ्यांनी घरात व्यायामाची सायकल घ्यावी. तिच्यावर कपडे पण वाळतात." उरले चौघं. मानसिंगराव, मामा, अभिराम आणि करावे गावचा धनेश. धनेशच्या बापाची खाडीत होडी होती, धनेशच्या दोन इमारती आहेत.

मंडळाचा एक रिवाज मात्र चांगला. सगळ्यांत हळू चालवणाऱ्याच्या मागे एक जण राहतो. त्याला 'शेपूट' म्हणतात. पुढचा थांबला की शेपटानं थांबायचं, त्याला ओलांडायचं नाही.

"अभिराम, तू शेपूट," मानसिंगराव निघतानाच म्हणाले.

अभिरामचा चेहरा पडला. मानसिंगराव मागे वळून बघणार आणि त्यांना मामांचं पोट दिसणार. त्याच्यामागे जावई आहे की नाही, कसं कळावं?

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दिवेआगर सोडलं आणि शेखाडीच्या पुढे वाऱ्यानं रस्ता ताब्यात घेतला. तिथं समुद्र रस्त्याला अगदी खेटून आहे. लाटा कठड्यावरून उडून डांबरावर दगड टाकत होत्या. सायकल सरळ धरायची तर अंग समुद्राकडे झुकवावं लागत होतं. माणूस नाही, गाडी नाही, मोबाईलला रेंज नाही. पुढे मानसिंगरावांचा लाल दिवा लुकलुकत लांब चालला होता, धनेश त्यांच्या मागे.

मामा थांबले. शेपूटही थांबलं. मामांना धाप लागली होती. अभिरामची नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं.

"जा तू पुढे," मामा म्हणाले. "इथं माझ्याबरोबर भिजून तुझा भाव वाढायचा नाही. दाजींना गाठ. मी येतो हळूहळू."

"नक्की ना, मामा?"

हे विचारताना अभिरामचा एक पाय पेडलवर होता.

"अरे जा! लग्नात मला मानाचं उपरणं तेवढं चांगलं घे."

अभिराम गेला. आणि गेला तो असा गेला, की श्रीवर्धनच्या अलीकडच्या चढावर मानसिंगरावांनी मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांच्या चाकाला चाक लावून तोच होता. धनेश खाली राहिलेला.

"वा रे गड्या!" मानसिंगराव वाऱ्यावर ओरडले. एवढ्या वर्षांत त्यांनी हे कुणाला म्हटल्याचं मंडळात कुणाला आठवत नाही.

गावात शिरल्यावर एका बंद टपरीच्या आडोशाला तिघं थांबले. धनेशनं माणसं मोजली.

"मामा कुठं हाय?"

"येतायत मागून," अभिराम म्हणाला.

"मागं कोन हाय त्यांच्या?"

पत्र्यावर पाऊस आपटत होता.

"अरे, शेपूट तू हाय ना? पानी रस्त्यावर आलंय तिथं!"

धनेशनं मासळीचा एक टेम्पो हात जोडून थांबवला. तिघंही बर्फाच्या रिकाम्या खोक्यांत बसून उलटे गेले. रस्त्याची कडा जिथं लाटांनी खाल्ली होती तिथं आधी चिवड्याची पिशवी दिसली. मग सायकल. मग मामा, कठड्याला पाठ टेकून, डावा पाय नको त्या बाजूला वळलेला. ओठ निळे पडले होते.

"मीच पाठवला त्याला, दाजी," हे त्यांचं पहिलं वाक्य. "पोराला काही बोलू नका."

मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं. वाशीला आणून ऑपरेशन झालं. आता काठीशिवाय चालणं नाही आणि सायकल तर नाहीच, असं डॉक्टर म्हणाले.

नवल असं की त्या चढावर मानसिंगरावांनी मनात दिलेला होकार मोडला नाही. "चूक झाली, पण दम आहे पोरात," ते लेकीला म्हणाले. "त्या वाऱ्यात मला गाठलं त्यानं."

गीतांजली दवाखान्यात मामांच्या उशाशी बसली.

"मामा, एकच सांगा. तुम्ही जा म्हणालात. तो एकदा तरी नाही म्हणाला?"

मामांनी आयुष्यभर लोकांसाठी खोटं बोलून घरं जोडली होती. याही वेळी तोंड उघडलं. पण उत्तर यायला जरा उशीर झाला.

"म्हणाला ना. म्हणाला की."

"बरं," ती म्हणाली आणि त्यांच्या पायावरची चादर नीट केली. त्याच संध्याकाळी तिनं अभिरामला नकार कळवला. बापाशी यावरून तिचं आजही धड बोलणं नाही.

आता जमाखर्च. मानसिंगरावांचं अध्यक्षपद शाबूत आहे, आणि चाकाला चाक लावणारा गडी त्यांना मिळाला. अभिरामला होकार मिळाला, पण बापाचा. दर रविवारी तो मानसिंगरावांच्या बरोबरीनं पाम बीच रस्त्यानं जातो, आणि मामा त्या फ्लेमिंगोंच्या बाल्कनीत काठी टेकून गीतांजलीला सांगतात, "पोरगा वाईट नव्हता गं." ती चहा आणायला आत जाते. खर्च भरला तो मामा-भाचीनं.